वाई (महाराष्ट्र)

वाई हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील, कृष्णा नदीच्या डाव्या तीरावर वसलेले ऐतिहासिक शहर व त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. नदीकाठचे सात घाट, पेशवेकाळात उभारलेली मंदिरे, संस्कृत अध्ययनाची परंपरा आणि मराठी विश्वकोशाचे निर्मितिस्थान यांमुळे हे शहर प्रसिद्ध आहे. ‘दक्षिण काशी’ असाही त्याचा गौरवाने उल्लेख केला जातो. पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागत असल्याने पुष्कळ प्रवासी ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन लगेच पुढे निघतात. प्रत्यक्षात नदी आणि वस्ती यांचे अनेक शतकांचे नाते एका दिवसात पायी फिरून समजून घेता येईल, अशी महाराष्ट्रात जी थोडी ठिकाणे उरली आहेत, त्यांत वाईची गणना करावी लागते.

भूगोल आणि हवामान

समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील वाई सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यात वसली आहे. उत्तरेस मांढरदेवाची डोंगररांग, वायव्येस पांडवगड, नदीपलीकडे पसरणीचा घाट व त्याच्या माथ्यावर पाचगणीचे पठार आणि आग्नेयेस वैराटगड अशा डोंगरांनी हे खोरे वेढलेले आहे.

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथे वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाई उगमापासून फार दूर नसली, तरी ती डोंगराच्या पर्जन्यछायेच्या बाजूस येत असल्याने शहरात पाऊस त्या मानाने फारच कमी असतो. यामुळे वाईला येणारा पूर हा बहुधा वाईच्या पावसाचा नसतो, तो वरच्या डोंगरातील पावसाचा असतो. शहरात नुसती रिमझिम चालू असतानाही नदीचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागते. येथील घाटांची व मंदिरांची बांधणी समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शहराच्या वरच्या अंगाला धोम येथे कृष्णेवर धरण बांधण्यात आले. तेव्हापासून वाईजवळच्या नदीचे पाणी निसर्गाच्या बरोबरीने धरणातील विसर्गावरही अवलंबून राहू लागले. धरणाच्या पाण्यामुळे तालुक्यात ऊस, हळद आदी पिकांची शेती वाढली.

इतिहास

वाईचा संबंध लोकपरंपरेने महाभारतातील विराटनगरीशी जोडला आहे. पांडवगड, वैराटगड, भीमकुंड या स्थलनामांत त्या कथांचे पडसाद दिसतात. त्याला ऐतिहासिक आधार नसला, तरी या परिसरातील वस्तीची प्राचीनता अन्य पुराव्यांनी दिसते. वाईच्या उत्तरेस लोहारे गावाजवळ डोंगरात खोदलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतील मुख्य लेण्यातील स्तूपाचे पुढील काळात शिवलिंगात रूपांतर करण्यात आले. ते स्थान पालपेश्वर या नावाने ओळखले जाते.

आदिलशाहीच्या काळात वाई हे एका सुभ्याचे ठाणे होते व अफझलखान येथे सुभेदार होता. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या खानाचा तळ वाईलाच पडला होता. येथूनच तो प्रतापगडाकडे गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी तेथे मारला गेला. स्वराज्याचे सरनोबत हंबीरराव मोहिते यांना १६८७ मध्ये मोगली सरदार सर्जाखानाशी झालेल्या वाईजवळच्या लढाईत वीरमरण आले.

आजच्या वाईचे रूप मात्र मुख्यतः अठराव्या शतकात घडले. सरदार रास्ते यांचे घराणे येथे नांदत होते. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई हिचा विवाह नानासाहेब पेशव्यांशी झाला. विश्वासराव, माधवराव व नारायणराव हे तिचे पुत्र होत. पेशव्यांशी जडलेल्या या सोयरिकीमुळे रास्ते घराण्याचे वैभव वाढले आणि त्यातील मोठा वाटा त्यांनी वाईतील मंदिरे, घाट व वाडे बांधण्यात खर्च केला. रास्त्यांची मोतीबाग तेथील भित्तिचित्रांसाठी अभ्यासकांना परिचित आहे.

सात घाट

वाईचा नदीकाठ सात घाटांत विभागलेला आहे. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी ही त्यांची नावे होत. या नावांपैकी बहुतेक नावे घाटाची जितकी, तितकीच त्यामागच्या वस्तीचीही आहेत. प्रत्येक आळी नदीकडे उतरते आणि आपापल्या घाटावर संपते. घाट हा वाईकरांच्या दृष्टीने आळीचे अंगणच होय. स्नान, धुणे, संध्या, श्राद्धकर्म, पोहणे शिकणे, संध्याकाळच्या गप्पा हे सर्व व्यवहार पिढ्यान् पिढ्या येथेच होत आले.

घाट काळ्या बेसाल्ट दगडात बांधलेले आहेत. नदीच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात व पावसाळ्यात फार वेगळी असते. पाणी कोठेही असले, तरी तेथवर पोहोचण्यासाठी पायरी हवी, हा पायऱ्यांच्या लांबलचक उताराचा हेतू होता. पायऱ्यांच्या मध्ये ठेवलेले सपाट टप्पे बसण्यासाठी, कपडे ठेवण्यासाठी व धार्मिक विधींसाठी उपयोगी पडतात. काठावरच्या लहान मंदिरांपैकी काही पुरात बुडतात आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा दिसू लागतात. दगडी बांधकाम व मोजकी लाकडी कामे यांमुळे ती हे सहन करू शकली.

ढोल्या गणपती आणि अन्य मंदिरे

गणपती घाटावरील महागणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. एकाच पाषाणातून घडविलेली गणेशाची मूर्ती आकाराने इतकी भव्य आहे की लोकांनी तिला ‘ढोल्या गणपती’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

मूर्तीइतकीच पाहण्यासारखी आहे ती मंदिराची मागील भिंत. मात्र समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्यांच्या ती नजरेस पडत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेली ही भिंत सरळ नसून माशाच्या आकाराप्रमाणे निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी या टोकावर आदळले की दुभंगते व दोन्ही बाजूंनी निघून जाते. सपाट भिंतीवर पाण्याचा संपूर्ण जोर बसला असता. निमुळत्या भिंतीवर तो विभागला जातो. नावेचा पुढचा भाग किंवा पुलाच्या खांबाचे पाण्याकडील टोक निमुळते का असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रचनेचे मर्म लगेच कळते. मंदिर नदीपासून दूर, उंचावर बांधणे सोपे होते. बांधणाऱ्यांनी ते नदीलगत बांधले आणि पूर येणारच हे गृहीत धरून त्याला वाट करून दिली. अडीचशेहून अधिक वर्षे हे मंदिर उभे आहे. आजही मोठ्या पावसात धरणातून विसर्ग वाढविला की पाणी मंदिराला वेढते.

जवळच असलेले काशीविश्वेश्वराचे मंदिर आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले. त्याच्या प्रशस्त प्राकारात दीपमाळा असून गुळगुळीत घोटलेल्या काळ्या पाषाणाचा नंदी तेथील कारागिरीचा उत्तम नमुना मानला जातो. नंदीच्या गळ्यातील घंटा, साखळ्या व झुलीवरील नक्षी जवळून पाहण्याजोगी आहे. महालक्ष्मी व विष्णू यांची मंदिरेही रास्ते घराण्यानेच उभारली.

कृष्णाबाईचा उत्सव

वाईत कृष्णा ही नदी आहे आणि ‘कृष्णाबाई’ ही देवता आहे. हिवाळा सरता सरता तिचा उत्सव सुरू होतो आणि एकामागून एक अशा क्रमाने सातही घाटांवर साजरा होतो. ज्या घाटाची पाळी असेल तेथे मांडव पडतो, देवीची स्थापना होते आणि कीर्तन, प्रवचन, गायन, हळदीकुंकू व प्रसादाची भोजने होतात. आळीतील लोक वर्गणी, श्रम आणि मांडवातील कामे आपापसांत वाटून घेतात. नोकरीनिमित्त परगावी गेलेली मंडळी या दिवसांत आवर्जून वाईला येतात.

अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून वाईच्या शेंडे शास्त्री यांनी कृष्णाबाईला नवस केला व त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरागत कथा आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी तिच्यातून एक गोष्ट दिसते. येथील लोकांनी संकटात नदीलाच हाक घातली आणि ऋण फेडण्यासाठी दर वर्षी तिच्याच काठी जमण्याचा नेम केला. उत्सवाचे निमित्त साधून घाटांची झाडलोट व दुरुस्ती होत असे. नदीकाठ राखण्याची ही समाजानेच बसविलेली व्यवस्था होती.

विद्येची परंपरा

पेशवाई संपल्यावर वाईचे राजकीय महत्त्व उतरले, पण विद्येचे केंद्र म्हणून तिचे नाव वाढत गेले. नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे संन्यासानंतरच्या केवलानंद सरस्वती यांनी, येथे प्राज्ञपाठशाळा चालविली. वेदान्त, मीमांसा, न्याय व धर्मशास्त्र यांचे अध्यापन तेथे होत असे. महात्मा गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन आलेले विनोबा भावे यांनी १९१७ मध्ये येथे राहून नारायणशास्त्र्यांपाशी अध्ययन केले. ‘धर्मकोश’ या विशाल संस्कृत संदर्भग्रंथाचे काम याच संस्थेने हाती घेतले. ‘नवभारत’ हे वैचारिक मासिकही याच संस्थेशी निगडित आहे.

पाठशाळेचे वैशिष्ट्य असे की, परंपरागत शास्त्रांचा सखोल अभ्यास करणाऱ्या तेथील पंडितांनी सामाजिक सुधारणेची बाजू घेतली. अस्पृश्यतेच्या व मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर गांधीजींनी येरवडा कारागृहात असताना शास्त्रज्ञांशी जी चर्चा केली, तीत पाठशाळेच्या पंडितांनी अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने धर्मशास्त्रीय आधार मांडले. त्यांतील प्रमुख तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांनी १९३३ मध्ये देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठीत सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश निर्माण करण्याचे काम तर्कतीर्थांकडे सोपविण्यात आले. त्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी वाईच्या गंगापुरीत थाटले गेले. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि पुढे वीस खंडांची योजना पूर्णत्वास गेली. अणुविज्ञानापासून हस्तव्यवसायांपर्यंतच्या असंख्य नोंदी नदीकाठच्या या छोट्या शहरात तपासल्या व संपादित केल्या गेल्या. मराठीत अनेक शास्त्रीय पारिभाषिक संज्ञा स्थिर होण्यास या कामाची मोठी मदत झाली.

लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ स्थापन झालेले ग्रंथसंग्रहालय आणि तेथील वसंत व्याख्यानमाला यांमुळे ज्ञानाची ही आवड केवळ पंडितांपुरती न राहता सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचली.

मेणवली

वाईपासून सुमारे ३ किलोमीटरवर कृष्णेच्याच काठी मेणवली हे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांनी येथे वाडा, घाट व मंदिरे बांधली. वाडा सहा चौकांचा असून त्यातील काही दालनांत भित्तिचित्रे आहेत. येथे सापडलेली कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ या नावाने मराठेशाहीच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

वाड्यामागून पायऱ्या उतरून घाटावर जाता येते. तेथे मेणेश्वर व विष्णू यांची मंदिरे असून त्यांच्याजवळ एका छोट्या इमारतीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यानंतर तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांत नेऊन बसविल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकी एक होय. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूसह मेरीची आकृती कोरलेली आहे. कोरीव आकृती तशीच ठेवून ती हिंदू देवळाच्या आवारात सांभाळली गेली, हे उल्लेखनीय आहे.

चित्रपट

वाई व मेणवलीचे घाट हिंदी व मराठी चित्रपटनिर्मात्यांना विशेष आवडतात. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४) व ‘दबंग’ (२०१०) या चित्रपटांचे चित्रीकरण या परिसरात झाले. त्यांपैकी ‘गंगाजल’ व ‘दबंग’ यांत हा परिसर उत्तर भारतातील गाव म्हणून दाखविला गेला. चित्रीकरणामुळे स्थानिकांना काम मिळते व गावाची प्रसिद्धीही होते. त्याच वेळी घाट ही प्रथम वापराची जागा आहे, सजावटीची नव्हे, याचे भान ठेवणे अगत्याचे ठरते.

परिसरातील अन्य ठिकाणे

धोम येथे नरसिंहाचे व महादेवाचे मंदिर आहे. धौम्य ऋषींच्या वास्तव्यामुळे गावास हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. तेथील नंदी दगडी कासवाच्या पाठीवर असून कासव कमळाच्या आकाराच्या हौदात आहे. हौद भरला की कासव पाण्यावर तरंगत असल्याचा भास होतो.

बावधन येथे फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीच्या दिवशी, भैरवनाथाची बगाड यात्रा भरते. लाकडी बगाड बैलांच्या साहाय्याने ओढत गावात आणले जाते.

मांढरदेव येथील काळूबाईचे देवस्थान डोंगरमाथ्यावर आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. यात्रेच्या दिवसांत तेथील गर्दी व अरुंद वाट लक्षात घेऊन प्रशासनाच्या सूचना पाळणे अत्यावश्यक आहे. केवळ दर्शनासाठी जाणाऱ्यांनी अन्य दिवस निवडणे हितावह होय.

पांडवगड व वैराटगड हे दोन्ही किल्ले चढाईसाठी गिरिप्रेमींच्या पसंतीचे आहेत.

भेटीसाठी उपयुक्त माहिती

पुण्याहून वाई सुमारे ८५ किलोमीटर आहे. पुणे-सातारा महामार्गावर सुरूर येथे वाईचा फाटा लागतो. साताऱ्याहून अंतर सुमारे ३५ किलोमीटर असून पाचगणी पसरणी घाटाने सुमारे १२ किलोमीटरवर आहे. राज्य परिवहन मंडळाच्या बसगाड्या पुणे, सातारा व महाबळेश्वर येथून मिळतात. वाईला रेल्वे स्थानक नाही. रेल्वेने येणाऱ्यांना वाठार किंवा सातारा स्थानकावर उतरून रस्त्याने यावे लागते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सोयीचा आहे. कृष्णाबाईचा उत्सव पाहण्याची इच्छा असल्यास कोणत्या घाटावर कोणत्या दिवसांत पाळी आहे, याची आधी चौकशी करावी. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात व नदी भरून वाहते. परंतु तेव्हा पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि विसर्ग वाढला की पाणी थोड्या वेळात चढते. आकाश निरभ्र असले तरी या काळात पात्रात उतरणे धोक्याचे आहे.

जुन्या शहरातील गल्ल्या अरुंद आहेत. गाडी बाहेर ठेवून पायी फिरणे श्रेयस्कर. गणपती घाटावरून आरंभ करून ढोल्या गणपतीची मागील भिंत, काशीविश्वेश्वर, काठावरील अन्य घाट व दुपारनंतर मेणवली असा क्रम ठेवल्यास एका दिवसात मुख्य स्थळे पाहून होतात. मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा असल्याने तेथील वेळा व नियम पाळावेत. घाटांवर श्राद्धादी विधी चालू असतात. अशा वेळी छायाचित्रे घेऊ नयेत.

संवर्धन

वाईच्या घाटांपुढील आजची अडचण पुराची नाही, कारण पूर सोसण्याची तजवीज बांधणाऱ्यांनी करून ठेवली होती. सांडपाणी, निर्माल्य, प्लास्टिक आणि संथ पाण्यात माजणारी जलपर्णी यांना तोंड देण्यासाठी मात्र या दगडांत कोणतीही योजना नाही. घरोघरी नळ आल्यावर नदीशी रोजचा संबंध सुटला आणि ज्या घाटावर उतरायचे कारण उरले नाही, तो घाट स्वच्छ ठेवण्याची निकडही कमी झाली. स्थानिक स्वयंसेवक वेळोवेळी नदीपात्राची व घाटांची स्वच्छता करतात. उत्सवाच्या निमित्ताने आळीआळीतील लोक अजूनही एकत्र येतात. वाडे पाडून नव्या इमारती होत असताना काठाचे जुने रूप किती टिकेल, हे बरेचसे या लोकांवर अवलंबून आहे. काही अंशी ते येणाऱ्या प्रवाशांवरही अवलंबून आहे. निर्माल्य पाण्यात न सोडणे, पायऱ्यांवर कचरा न टाकणे आणि घाटावर वाहन न उतरविणे एवढे प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.